सतरावं आणि अठरावं प्रकरण

३ जून

श्रीयुत दिग्दर्शक महोदयांस,

मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचे असतात. ते सध्या माझ्याकडे राखून ठेवले आहेत. पत्राच्या शेवटी काही उरले तर बघू.

तुझ्या कार्यालयातून एका फार गोड मुलीचा फोन आला. वाक्यागणिक ‘मॅम’ म्हणत तिने सांगितलं, की ‘सरांना’ बाबांच्या ‘बाटलीवरची पट्टी’ या कादंबरीची मूळ वही हवी आहे, आणि मालिकेच्या शेवटच्या भागाच्या सुरुवातीला माझा दोन मिनिटांचा बाईटही हवा आहे. सर म्हणजे कोण, हे ध्यानात यायला मला जरा वेळ लागला. आई गेली तेव्हा तू चार तास थांबला होतास, त्यातला दीड तास फोनवर. त्यानंतर नऊ वर्षं तुझा आवाज ऐकला नाही. तेव्हा आताही दुसऱ्याकडून निरोप यावा, हे सुसंगतच आहे. सातत्य हा गुण आहे, असं मी वर्गात शिकवते.

मालिकेची झलक पाहिली. शेजारच्या मुलीने दोनदा दाखवली. दुसऱ्यांदा माझा चेहरा बघायला.

बाबांचा खून उकलणारा मोजणीदार बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, जमीनमोजणी खात्यातला कारकून. अकरा कादंबऱ्यांत तो एकदाही धावला नाही. खोलीत शिरला की आधी टेप काढून खिडकीची उंची घ्यायचा आणि मग बोलायचा. तुझ्या मोजणीदाराला मोटारसायकल आहे, अपघातात गेलेली बायको आहे, आणि शर्टाची वरची तीन बटणं शिंप्याने दिलीच नाहीत. तो डॉक्टरच्या तोंडावर ठोसा मारतो. आपला मोजणीदार कोणावर हात उगारायचा झालाच, तर आधी अंतर मोजेल. दवाखान्यात तू इतका निळा अंधार केला आहेस, की त्या डॉक्टरला रोग्याची जीभ दिसते कशी, हेच खरं रहस्य आहे. आमच्या काव्यशास्त्रात औचित्य नावाची एक वस्तू असते. तुझ्या अंदाजपत्रकात तिला जागा नसावी.

आणि शेवटी काळ्या पडद्यावर ते वाक्य: ‘औषध कोण देतंय, बघून घ्या.’ हे कोणाच्या डोक्यातून निघालं? त्या माणसाला माझ्यातर्फे काही सांगू नकोस, मी स्वतः सांगेन.

वही मिळणार नाही. बाईट मिळणार नाही.

तुझी (कागदोपत्री) बहीण

ता. क. शेवट बदल. कंपाउंडरला खुनी करू नकोस. बाकी कोणालाही कर, मला हरकत नाही.


१२ जून

चिरंजीवांस,

तुझा चार मिनिटांचा बोलका निरोप ऐकला. पाठीमागे कोणीतरी ‘लाइट, लाइट’ ओरडत होतं, त्यामुळे प्रसंगाला शोभा आली.

तुझं म्हणणं असं: “ताई, तू आधी ठरव. मोटारसायकल घातली म्हणून मला फाडून खातेस, आणि ज्या एका गोष्टीला मी हात लावला नाही, ती बदल म्हणतेस. खुनी बदलला तर लोक मला जोड्याने मारतील. मूळ कादंबरीशी प्रामाणिक, असं आम्ही सगळीकडे सांगितलंय.”

तर्क बिनतोड आहे. तुला तर्कशास्त्राचे धडे मीच दिले होते, हे विसरून तू मला ते परत देतो आहेस, याचंही कौतुक वाटलं.

माझं उत्तर सोपं आहे. एकतीस वर्षांपूर्वी धनिक लाकूडव्यापारी मेला आणि खून गरीब कंपाउंडरने केला, असं लिहिलं तर खपून जायचं. आज प्रेक्षक विचारतील, नोकरमाणूसच का? काळ बदलला आहे. म्हणून शेवट बदल. यापलीकडे काही कारण नाही.

दुसरं. शेवटच्या भागात तू बाबांचं आजारपण दाखवणार आहेस, असं ऐकते. अंथरुणावर पडलेले बाबा, त्यांच्या ओठांशी कान नेणारी मुलगी, आणि ते पुटपुटत तिला खुन्याचं नाव सांगतात. माझी भूमिका करणारी मुलगी म्हणे त्यात चार वेळा रडते. मी रडले नव्हते. तो भाग काढून टाक. वाईट दिसेल म्हणून नव्हे. उगाच म्हणून.

तुझ्या निरोपाच्या शेवटी तू विचारलंस, “तुला कोणी काही बोललं का?” मला कोण काय बोलणार? मे महिन्यात एक बाई शाळेत भेटायला आल्या होत्या. त्यांचं औषधांचं दुकान आहे. पण ते वेगळं.

— ताई


२१ जून

तुला,

परवाचा फोन तू केलास, हे मी तुझ्या बाजूने मांडून ठेवलं आहे. त्या बाजूला अजून तरी एवढंच आहे.

संभाषण पुन्हा लिहिते, कारण तू ते तुझ्या पद्धतीने कापून जोडशील.

तू म्हणालास, “बाबांच्या शब्दाला मी हात लावणार नाही.”

मी म्हटलं, “मोटारसायकल हा बाबांचा शब्द का?”

“तो तपशील झाला, ताई. खुनी म्हणजे कादंबरीचा प्राण.”

“मग प्राण काढ.”

“खरं सांगू? बाबांना जग आज माझ्यामुळे ओळखतंय, हे तुला बघवत नाहीये. तुला त्यात वाटा हवाय. पण तू नुसती लिहून घेणारी होतीस.”

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल, लागलं. लागलं नाही; हसू आलं. ‘नुसती लिहून घेणारी’ या वाक्यामागे मी एकतीस वर्षं लपून बसले आहे. तूच ते बाजूला केलंस, तर आता समोर येते.

तू अकरा वर्षांचा होतास, तुला बाबांची सांगण्याची पद्धत धड आठवत नसेल. मी टेबलाशी, बाबा दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत. सात पावलं जायला, सात यायला. खुनी कोण हे ते कधीच आधी सांगत नसत. आईने विचारलं की म्हणायचे, “मलाही अजून भेटायचाय.” पण मला कळायचं. सहाव्या पुस्तकाच्या वेळी ध्यानात आलं, की बाकी सगळ्यांची वाक्यं बाबा चालताना सांगतात, आणि खुन्याचं वाक्य आलं की खाटेच्या कडेवर बसतात. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. मी सांगितलं नाही. सहावं, सातवं, आठवं, नववं, दहावं, पाचही वेळा मी बरोबर ठरले. एकोणिसाव्या वर्षी माणसाला असं काही हाती लागलं, की ते शास्त्र वाटू लागतं.

‘बाटलीवरची पट्टी’त अकराव्या प्रकरणात कंपाउंडर आला, आणि बाबा बसले. पुढच्या प्रकरणातही त्याचं वाक्य आलं की बसले. एक-दोनदा मोजणीदाराच्या वाक्यालाही बसले. ते मी धरलं नाही. सोळावं प्रकरण संपलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मोरीपाशी पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

आठव्या दिवशी प्रकाशक दवाखान्याच्या जिन्यात भेटले. सोळा प्रकरणं जुळवून तयार होती. ते म्हणाले, “शेवटची दोन?” मी म्हटलं, “बाबा हळूहळू सांगताहेत मला.” हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं, की मीच वळून पाहिलं. चार दिवसांत सतरावं आणि अठरावं मी लिहून काढलं. बाबांची शैली मला बाबांपेक्षा पाठ होती. समीक्षकांनी ‘लेखकाची परिपक्वता’ म्हणून जे परिच्छेद उचलले, ते सगळे माझे आहेत. वाटा हवा होता म्हणालास ना, तो हा.

महिन्याभराने दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, “झटक्याआधी पाय ओढत होते का?” मी मागे मोजत गेले. साधारण तीन आठवडे. म्हणजे अकराव्या प्रकरणापासून. बाबा खुन्यासाठी बसत नव्हते. त्यांच्याने उभं राहवत नव्हतं, आणि त्या प्रकरणांत सगळ्यात जास्त बोलणारा माणूस कंपाउंडर होता. मी एवढी लिहून घेणारी, सात पावलांवरून बाप लंगडतोय हे मला दिसलं नाही. मला त्यात खुनी दिसला. आमच्याकडे याला हेत्वाभास म्हणतात. दिसायला हेतू, असायला काही नाही. परीक्षेत मला यावर पैकीच्या पैकी गुण होते.

पुस्तक आलं तेव्हा बाबा घरी होते. कळायचं सगळं, बोलता काही येत नव्हतं. डाव्या हाताखाली पाटी ठेवलेली असायची. मी शेवटची दोन प्रकरणं वाचून दाखवली. त्यांनी पाटी ओढली. बराच वेळ लागला. लिहिलं, ‘तो नाही’.

मी विचारायला हवं होतं, मग कोण? विचारलं नाही. आई आत आली, तिने वाचलं, आणि ओल्या फडक्याने पाटी पुसली. स्वयंपाकघरात मला म्हणाली, “तो माणूस लागलंच तर दुसरीकडे काम शोधेल. तुझ्या बाबांना आता दुसरं पुस्तक नाही.” बाबा पुढे तीन वर्षं जगले. त्या पाटीवर त्यांनी पाणी मागितलं, उशी मागितली, तुझी गुणपत्रिका मागितली. मला पुन्हा काही लिहून दाखवलं नाही.

‘तो माणूस’ कोण, हे तुला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडचा कंपाउंडर. बाबांनी त्याला नाव सोडून जसाच्या तसा उचलला होता: पिवळी झालेली बोटं, बाटलीवर चिकटवायची खाचा पाडलेली कागदी पट्टी, एक खाच एक डोस. आख्ख्या गल्लीने ओळखला.

आता तुझी पाळी. पुस्तक आल्यावर पंधरा दिवसांनी तुला खोकला झाला होता. भरलेल्या दवाखान्यात तू मोठ्यांदा म्हणालास, “यांच्या हातचं औषध मला नको. बाबांनी सांगितलंय.” सगळे हसले. कंपाउंडरही हसला. लेखकाचा मुलगा ना तू. दुसऱ्या आठवड्यात आणखी एकाने म्हटलं, आणि मग कोणी हसेनासं झालं. डॉक्टरांनी त्याला “थोडे दिवस घरी बसा” सांगितलं. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. डोस मोजणारा माणूस साबणाच्या कारखान्यात खोकी चिकटवायला लागला.

तू मूल होतास. बाबांनी सांगितलंय, हे तुला सांगणारी मी होते. दोष माझा. पण ती ओळ आता तू मोठा होऊन, पगारी माणसांकडून लिहून घेऊन, रस्त्यारस्त्यावर लावली आहेस. ‘औषध कोण देतंय, बघून घ्या.’ शाळेत आलेल्या बाई म्हणजे त्याची मुलगी. तो आता शहात्तर वर्षांचा आहे, संध्याकाळी तासभर तिच्या दुकानात बसतो. एका गिऱ्हाइकाने त्याच्यापुढे फोन धरून ती झलक दाखवली आणि विचारलं, “काका, हे तुम्हीच ना?”

बाई मला एवढंच म्हणाल्या, “हे पुन्हा दाखवणार आहेत का?”

आता सांग, शेवट बदलतोस का?

— ताई


२ जुलै

तुला,

दहा दिवस वाट पाहिली. पत्राला उत्तर म्हणून तुझ्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. त्याची भाषा सुंदर आहे, समास तर असे, की त्यातले दोन मी वर्गात वाचून दाखवणार होते.

वकील म्हणतात: एक, माझ्या म्हणण्याला पुरावा नाही, सगळी वही माझ्याच अक्षरात आहे. दोन, आपण दोघांनी वडिलांचं समस्त लेखन कंपनीला दिलं आहे. तीन, मी वडिलांची बदनामी करते आहे. खाली तुझ्या हातची चिठ्ठी: “ताई, मध्यममार्ग काढू. कंपाउंडर नको तर प्रयोगशाळेतला माणूस करतो. कपडे तेच राहतील, दोन वाक्यं पुन्हा आवाज देऊन घेऊ. आता गप्प बस, प्लीज.”

कपडे तेच राहतील. तू चाळिशी पार केलीस, अजून तुझा जीव कपड्यांतच.

आता क्रमाने. पहिली सोळा प्रकरणं मी ऐकून लिहिली आहेत. दीडशे पानांत सात ठिकाणी खोडलं आहे. ऐकून लिहिणारा खोडत नाही. सतराव्यापासून प्रत्येक पानावर खाडाखोड आहे. अठराव्या प्रकरणाची तीन वेगवेगळी टिपणं आहेत, त्यातल्या एकात खुनी डॉक्टर आहे. प्रत्येक बैठकीवर मी तारीख घालत असे. त्या तारखांना बाबांची वाचा गेलेली होती, असं दवाखान्याचा कागद सांगतो. तुझी ती गोड मुलगी ज्या वहीसाठी मागे लागली होती, ती हीच.

दुसरं. वडिलांचं समस्त लेखन आपण दिलं. मान्य. सतरावं आणि अठरावं वडिलांचं नाही. ती दोन प्रकरणं माझी आहेत, आणि मी ती कोणालाही दिलेली नाहीत. काल नोटीस गेली. कंपाउंडर, प्रयोगशाळेतला माणूस, काहीही म्हण. तो सापळा, तो कबुलीजबाब, पट्टीवरची ती जादा खाच, सगळं त्या दोन प्रकरणांतलं आहे. माझ्या सहीशिवाय तुझा शेवटचा, आठवा भाग लागणार नाही.

बदनामीचं म्हणशील, तर हो. बाबांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक अपुरं ठरेल. ज्या शाळेच्या सभागृहाच्या दारावर त्यांचं नाव आहे, त्या शाळेत मी शिकवते. तिथे मी कोण ठरेन, ते वेगळं. हे सगळं तोलून झालं आहे.

तोलायला मला कोणी लावलं, ते सांगते. मला वाटलं होतं, त्या कंपाउंडरच्या घरी जाऊन एकदा खरं सांगून यावं आणि सुटावं. गेले. दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. तो खिडकीपाशी वर्तमानपत्राच्या घड्या घालत होता. बोटं अजून पिवळी आहेत. मी सगळं सांगितलं, बसण्याचं, पाटीचं, सगळं. तो ऐकत राहिला. मग विचारलं, “मग खरा कोण होता?”

मी म्हटलं, “माहीत नाही. मी विचारलं नाही बाबांना.”

“मास्तरीणबाई ना तुम्ही?”

“हो.”

“अरेरे.”

मग म्हणाला, त्याने पुस्तक वाचलेलंच नाही. बायकोने वाचलं होतं, आणि त्याला दाखवलं नव्हतं. चार दुपारी जाऊन मी त्याला सोळा प्रकरणं वाचून दाखवली. बाबांनी त्याच्यावर दीड पान लिहिलं आहे, बाराव्या प्रकरणात. मोजणीदार त्याला पट्टी कापताना बघतो आणि मनात म्हणतो, की इथे माझ्याइतकं नीट मोजणारा हा एकच. ते आलं तेव्हा त्याने मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. म्हणाला, “कात्री नाही. ब्लेड. बाकी बरोबर लिहिलंय साहेबांनी.”

सोळावं संपलं. मी पुस्तक मिटलं.

“पुढं?”

“पुढचं माझं आहे.”

“मग राहू द्या.”

मला वाटलं, झालं. डोळे पुसायची माझी तयारीही झाली होती. तेवढ्यात त्याची मुलगी चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, “बाई, तुम्ही आमच्या घरात येऊन सांगितलंत, बरं वाटलं. पण आमच्या घरात कोणाला वाटत नव्हतंच, की यांनी विष घातलं. पुस्तक विकतात ते बाहेर.”

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि उठले.

म्हणून तिसरं. वर्तमानपत्राला माझ्या नावाने पत्र दिलं आहे, वहीच्या दोन पानांच्या छायाचित्रांसह. त्यात पाटीवरचे शब्द आहेत, माझं खोटं आहे, आणि त्या माणसाचा धंदा व त्याची गल्ली सांगून साफ लिहिलं आहे, की लेखकाने त्याला निर्दोष मानलं होतं. आईचं फडकं मी त्यातून वगळलं. तेवढा पक्षपात मला करू दे. दवाखान्यात तू काय म्हणालास, तेही त्यात नाही. ते सांगायचं असेल तर तू सांग. संपादक रविवारी छापणार आहेत. आज मंगळवार.

मालिकेचं म्हणशील, तर सोळाव्या प्रकरणावर थांब. बाबा तिथेच थांबले आहेत. मोजणीदार टेप गुंडाळून खिशात घालतो आणि म्हणतो, उद्या सकाळी परत येतो. पडद्यावर लिही, की लेखकाला पुढचं सांगता आलं नाही. लोक जोड्याने मारतील म्हणालास, कदाचित मारतील. तो माणूस एकतीस वर्षं जोडे खातो आहे, त्याला विचार, किती दिवसांनी सवय होते.

काल त्यांच्या दुकानावरून आले. मुलीने दर्शनी काचेवरची खोकल्याच्या औषधाची जाहिरात खरवडून काढली आहे. रविवारचं कात्रण तिथे लावायचं आहे. तो स्टुलावर उभा राहून चारी कोपऱ्यांची मापं घेत होता, मुलगी खालून स्टूल धरून रागावत होती. त्याने वरूनच मला विचारलं, “बाई, पत्र एकच येणार ना? की भावाचंही येईल? त्या हिशेबाने जागा सोडतो.”

मी म्हटलं, त्याला विचारून सांगते.

विचारलं आहे.

— ताई